पिंपाचा पान्हा

सर्जेराव तोडकराचा जळफळाट एका पिंपावर होता, आणि पंचाईत अशी की ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. माणसावर जळलं तर त्याला भर चौकात शिव्या घालता येतात, त्याच्या बांधाला हळूच कुदळ लावता येते, गेलाबाजार त्याच्या पोरीच्या लग्नाला गैरहजर राहता येतं. पिंपाचं काय वाकडं करणार? बरं, पिंप दिसायलाही देखणं. उंचीला सर्जेरावाएवढंच, पण सर्जेरावासारखं पोट सुटलेलं नाही. अंगानं लख्ख स्टीलचं, छातीवर गोल काचेची खिडकी, आणि खिडकीतून खालून वर जाणारे मोत्यांसारखे बुडबुडे दिवसभर दिसायचे. बायको रोज सकाळी मऊ फडक्यानं ते पिंप पुसायची. सर्जेरावाला टॉवेलसुद्धा स्वतःच शोधावा लागे.

आंबेखोलातल्या म्हशी गेल्या त्याला सात वर्षं झाली होती. शहरात दूध कारखान्यातच व्हायला लागलं, म्हशीचा त्याच्याशी संबंध उरला नाही, आणि आजरा तालुक्यातले गोठे एकामागून एक ओस पडले. पण गावातल्या बाया वस्ताद. त्यांनी दूधसंस्था मोडली नाही; नुसतं दूध काढून टाकलं आणि तिथं केशर घातलं. तिकडे काश्मीरची थंडी वर्षागणिक पातळ होत चालली होती, केशराची फुलं रुसली होती, आणि इकडे प्रयोगशाळेतल्या लोकांना फुलावाचून केशर करायची युक्ती सापडली होती. मग काय, घरोघरच्या गोठ्यात फरशी आली, भिंतींना पांढरा रंग आला, म्हशीच्या जागी पिंप आलं. वसुबारसेला बाया पिंपाला हळदकुंकू लावायला लागल्या. शालननं तर, म्हणजे सर्जेरावाच्या बायकोनं, शेवटच्या म्हशीच्या गळ्यातली घंटासुद्धा पिंपाच्या कडीला बांधली.

युक्ती तशी सोपी होती. केशराच्या कंदातला मोहरीएवढा जिवंत तुकडा घ्यायचा आणि साखर, क्षार असं काय काय घातलेल्या पाण्यात सोडायचा. त्याला ना मूळ फुटतं, ना पान, ना फूल. नुसत्या पेशी वाढत राहतात, ताक घुसळताना लोण्याची कणी जमते तशा. पान नाही, ऊन नाही, त्यामुळे या पेशींना आपलं अन्न आपण करता येत नाही. त्या आयती साखर खातात आणि तुमच्याआमच्यासारखा श्वास घेतात. अडचण तिथंच आहे. लिटरभर हवेत जेवढा प्राणवायू असतो, त्याचा जेमतेम तिसावा हिस्सा लिटरभर पाण्यात विरघळतो, आणि दाटीवाटीनं वाढलेल्या पेशी तो बघता बघता संपवतात. म्हणून पंपानं हवा ढकलत राहायची. ती गाळणीतून जंतू गाळून पिंपाच्या तळाशी जाते आणि बारीक भोकांच्या कडीतून बुडबुडे होऊन वर येते. हवा कमी पडली की पेशी वाढायच्या थांबतात, फारच कमी पडली की मरतात. जास्त झाली तरी वाट लागते. फेस मातून वर येतो, बुडबुड्यांच्या माऱ्यात पेशी फुटतात, त्यांना हवा असलेला थोडासा कार्बन डायऑक्साइडही त्या वाऱ्याबरोबर निघून जातो, आणि पिंप तपकिरी पडतं. म्हणून संस्थेनं नियम घालून दिला होता: प्राणवायूचा आकडा चाळीसवर ठेवा, त्याला हात लावू नका. बारा दिवस पेशी वाढायच्या, पुढचे आठ दिवस त्यांच्यात रंग भरायचा, विसाव्या दिवशी पिंप संस्थेच्या केंद्रावर रिकामं करायचं. एका पिंपामागे रंगाचा आकडा तीस ते चाळीस. बत्तीस आला तरी बाई पेढे वाटायची.

सर्जेराव पूर्वी याच संस्थेचा दुधाचा टँकर चालवायचा. टँकर गेला आणि तो घरी बसला. घरी बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्या घरात आपल्यापेक्षा मोठं कुणीतरी राहतंय. छत्तीस वर्षांच्या संसारात शालन त्याला 'अहो' म्हणत आली होती. पिंपाला ती 'राजा' म्हणायची. त्याच्या हृदयात नळी घातली तेव्हा दवाखान्यात ती डबा घेऊन आली, पण सारखी घड्याळ बघत बसली आणि चार वाजता म्हणाली, "जाते मी. रंगाचे दिवस हायत. ते एकटंच हाय घरात."

"मीबी एकटाच हाय इथं," सर्जेराव म्हणाला.

"तुमच्याजवळ नर्स हाय की."

आणि गेली.

पंप आवाज करतो म्हणून तो गोठ्याच्या भिंतीमागे, परसात बसवला होता. त्याच्याशेजारी आकड्याची डबी. तिथून करंगळीएवढी मऊ नळी भिंतीतल्या भोकातून आत पिंपाकडे जायची. शालनला आकड्यांचा तिटकारा, त्यामुळे ती कधी मागे फिरकत नसे. रंगाचे आठ दिवस आले की ती खिडकीतून रंग बघायची आणि बोलत बसायची. म्हशीजवळ बसून बोलायची सवय हातापायांत मुरलेली. ओळखीचा आवाज आला की म्हैस पान्हा सोडते, परक्या हाताला दूध देत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

एक दिवस सर्जेराव परसात पालथ्या बादलीवर बसून तंबाखू मळत होता. आतून आवाज आला.

"राजा, तुझ्यासारखं शहाणं कुणी न्हाई बघ. उलट शब्द न्हाई, की जेवणात मीठ कमी म्हणून तोंड वाकडं न्हाई. न्हाईतर एकेकाचं..."

एकेकाचं काय, ते पुढे आलंच नाही. आलं नाही म्हणूनच जास्त झोंबलं. सर्जेरावाचा हात आपोआप नळीवर गेला. त्यानं नळी दुमडली आणि मुठीत आवळली, जणू पिंपाची मानगूटच हातात आली. पंप घरघरत राहिला. डबीवरचा आकडा चाळीसवरून तीस, वीस, दहा, सहा असा घसरत गेला. जीव कसा गार झाला! पण डबीला भोंगा होता. आकडा पडून दहा मिनिटं झाली की तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोंबलायचा. टँकरवाल्याचा हात, घड्याळ अंगात भिनलेलं. आठव्या मिनिटाला त्यानं मूठ सोडली.

तेवढ्यात आत शालन हरखून म्हणाली, "अगंबाई! बुडबुडं थांबवून ऐकाय लागलं की रं माझं!"

झालं. त्या दिवसापासून रोज हाच कार्यक्रम. शालन बोलायला बसली की पिंप श्वास रोखून ऐकायचं, आणि ती जास्तच मायेनं बोलायची. ती जास्त मायेनं बोलली की भिंतीमागची मूठ जास्तच आवळायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. सर्जेरावाची खात्री होती, एवढ्या गळचेपीनं पिंप महिन्याभरात राम म्हणणार आणि घर पुन्हा आपलं होणार.

विसाव्या दिवशी केंद्रावर पिंप रिकामं झालं. माल पिवळसर नव्हता, केशरी नव्हता. भट्टीतल्या निखाऱ्यासारखा लालभडक होता. मोजणारी बाई आकडा बघून यंत्र बिघडलं म्हणाली. दुसऱ्या यंत्रावर घातला. तोच आकडा.

एकशे बारा.

सर्जेराव मोटारसायकलीला टेकून उभा होता, तो हळूच सीटवर बसला.

चार दिवसांत गडहिंग्लजच्या मुख्य केंद्रातून डॉ. ऋजुता नेर्लेकर आल्या. संस्थेच्या सगळ्या पिंपांची विद्या या बाईंच्या डोक्यात. त्यांनी मांडी घालून शालनसमोर बसून आलेख उघडला. "वहिनी, तुमचा आकडा दिवसातून तीनदा कोसळतो. बरोबर आठ मिनिटं. पंप तर चालू असतो, मी नोंदी पाहिल्या. त्या वेळी तुम्ही काय करता?"

"काय करणार? बोलते त्याच्याशी."

"आणि ते?"

"श्वास रोखून ऐकतंय."

दुसरी कुणी असती तर हसली असती. पण मॅडमचं माहेर गवळ्याचं. आईच्या नुसत्या हाकेनं पान्हावणाऱ्या म्हशी त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या गोठ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "बोला बघू." शालन बोलली. बुडबुडे थांबले. मॅडमच्या अंगावर काटा आला. सगळं तपासलं त्यांनी, आवाजाची कंपनं मोजली, गाळणी बदलली, वीज तपासली. मोजलं नाही ते एवढंच, की भिंतीपलीकडे एक नवरा बसलाय.

"हवा कमी झाली की वाढ खुंटते, हे आम्हाला ठाऊक आहे," जाताना त्या सर्जेरावालाच समजावून सांगू लागल्या. "म्हणून आम्ही ती कधी हलूच दिली नाही. पण वाढ पुरी झाल्यावर अशी थोडा थोडा वेळ कोंडी झाली, तर पेशी बहुतेक घाबरतात आणि संकटासाठी राखून ठेवलेला रंग बाहेर काढतात. प्रश्न एवढाच की वहिनींच्या आवाजानं कोंडी होते कशी? काका, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं," सर्जेराव म्हणाला आणि तंबाखू थुंकायच्या निमित्तानं उठला.

गावाला मात्र सगळं कळलं. दाऊद मुजावराच्या गाड्या चार्ज करायच्या दुकानात तर दुसरा विषयच नव्हता.

"या सर्जेराव, बसा. पिंप काय म्हणतंय?"

"पिंप काय म्हणणार?"

"तसं न्हवं. गावात बोलतात, पिंपाचा जीव बसलाय वहिनींवर. आवाज आला की श्वास थांबतोय म्हणे त्याचा. लाल होतंय म्हणे लाजून." दाऊद डोळे मिचकावून म्हणाला, "तुमचा थांबला होता का ओ कधी?"

"माझ्या छातीत नळी घातलीया, विसरलास काय?"

"ती तेल जास्त खाल्ल्यामुळं!"

सगळं दुकान खिदळलं. सर्जेराव घरी आला तो ठरवूनच आला. आता नळीला हात लावायचा नाही. पुढच्या खेपेला रंग पडेल, आणि पिंप कुणावर बिणावर भाळलेलं नाही हे जगाला कळेल.

वीस दिवस त्यानं हात बांधून घेतल्यासारखे काढले. आकडा आला चौतीस. पण शालननं अन्न टाकलं. "रुसलाय माझ्यावर," म्हणाली. "परवा मी जोरात बोलले, तेच लागलं त्याला." मग ती सकाळ-संध्याकाळ पिंपाशी बसून मनधरणी करू लागली. काय तिचा आवाज! इतका हळू, इतका ओला, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा सर्जेरावानं तो ऐकला नव्हता. रंग भरायच्या पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "तू बोलला न्हाईस तर मला दुसरं कोण हाय रं?" आणि भिंतीमागे सर्जेरावाच्या डोळ्यांपुढे लाल झालं. त्यानं दोन्ही मुठींनी नळी आवळली.

त्या खेपेला आकडा एकशे चोवीस.

मॅडमचा आलेख आता असा झाला की त्यापुढे कुणाचं काही चालेना. शालन गोड बोलते तेव्हा कोंडी होते, रुक्ष बोलते तेव्हा होत नाही. शालन थोरल्या बहिणीकडे चार दिवस गेली तेव्हा एकदाही झाली नाही. होणार कशी? ती नसताना सर्जेरावाला जळायचं काही कारणच नव्हतं. पण आलेखाला ते कोण सांगणार?

नळीला पहिल्यांदा हात लागला त्याला सहा महिने झाले, तेव्हा संस्थेचं पत्र आलं. गडहिंग्लजच्या मुख्य केंद्रात पाच हजार लिटरचं पिंप होतं. शालननं तिथं येऊन त्याच्याशी बोलावं. ते तिच्या आवाजाला वश झालं, तर तिला तिथंच राहायला खोली, आठवड्यातले सहा दिवस तिथं मुक्काम, आणि तीन तालुक्यांच्या पिंपांची ती मोठी मालकीण.

शालननं पत्र तीनदा वाचलं. अठरा वर्षांची असताना तिला परिचारिका व्हायचं होतं, ते राहून गेलं होतं. तेव्हापासून तिला कुणी पत्र पाठवून बोलावलं नव्हतं. तिनं पेटीतली जांभळी इरकल काढून उन्हात टाकली.

"रविवारी येत जाईन की," ती म्हणाली. "पोळ्या करून ठेवीन."

सर्जेरावाला सगळं उमजलं होतं. आपल्याच मुठीनं त्यानं बायकोला घराबाहेर काढलं होतं. आणि आणखी एक गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती: गडहिंग्लजचं पिंप तिचं अक्षरही ऐकणार नाही. तिथली नळी पोलादाची, मनगटाएवढी जाड. म्हणजे आपण नुसतं गप्प बसायचं. बाई हरून घरी येईल, पत्रं यायची बंद होतील, पुन्हा आपलं दोघांचंच. त्याला दोन रात्री छान झोप लागली.

ठरल्या दिवशी केंद्रात दोनशे बाया जमल्या होत्या. तिन्ही तालुक्यांतल्या पिंपवाल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. मधोमध ते दांडगं पिंप, दुमजली घराएवढं. खिडकी दाराएवढी, बुडबुडे लिंबाएवढे. संस्थेच्या अध्यक्षा आनंदीबाई देसाई माइकवरून म्हणाल्या, "शालनवहिनी, सुरू करा. घाबरायचं न्हाई. म्हसरंच समजायचं."

शालन खुर्चीवर बसली. पदर सारखा केला. आधी लाजत, मग नेहमीसारखी बोलायला लागली. "राजा, मी आलेय बघ. आंबेखोलची शालन."

बुडबुडे आपले वर जात होते.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मॅडम आकड्याकडे बघत होत्या. आकडा चाळीसवर खिळा ठोकल्यासारखा. वीस मिनिटांनी मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "घरच्या पिंपात काय घालत हुती कुणास ठावं." दुसरी म्हणाली, "रंग मिसळला असंल गं, कपड्याचा." सर्जेराव शेवटच्या खुर्चीवर बसून ऐकत होता. त्याच्या मनासारखंच सगळं चाललं होतं. पुढे झुकून तो बायकोचा चेहरा बघायला गेला, आणि तिथं घोटाळा झाला.

शालननं ती कुजबुज ऐकली होती. ती उठून पिंपाला अगदी खेटून उभी राहिली होती. आता ती 'राजा' म्हणत नव्हती. हात जोडल्यासारखे छातीशी घेऊन म्हणत होती, "एकडाव. एकदाच ऐका. तुमच्या पाया पडते."

तुमच्या! त्या लोखंडाच्या धुडाला ती 'अहो-जाहो' करायला लागली होती. त्याची बायको, दोनशे बायांदेखत. सर्जेरावाच्या पोटात जी आग उठली, ती गेल्या सहा महिन्यांत कधी उठली नव्हती. तो खुर्च्या सारत तरातरा पुढे आला.

"मॅडम, ह्येची हवा बंद करा."

"काय?"

"आठ मिनिटं. मग सोडा. दुपारी पुन्हा, सांजला पुन्हा."

"काका, पेशी मरतील!"

"न्हाई मरत. दीडशे डाव न्हाई मेल्या."

शालन सावकाश वळली.

"तुम्हाला काय माहीत?" मॅडमनी विचारलं, पण त्यांचा आवाज आधीच बदलला होता. आलेख त्यांच्या डोळ्यांसमोर उलगडत असावा.

"भिंतीमागं मी असायचो. नळी मी दाबायचो. पंप चालूच असायचा, हवा तेवढी अडायची. भोंगा दहाला वाजतो म्हणून आठाला सोडायचो."

आनंदीबाई माइक घेऊन पुढे झाल्या. त्या राजकारणात मुरलेल्या. पडती बाजू सावरायची त्यांना सवय. "म्हणजे सर्जेरावदादा, तुम्ही गुपचूप संशोधन करत होता म्हणा की! सहा महिने! बायांनो, टाळ्या!"

दोन-चार टाळ्या पडल्यासुद्धा. सर्जेरावानं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. उद्या पेपरात फोटो आला असता, दाऊद मुजावरानं स्वतःहून चहा पाजला असता. पण 'हो' म्हटलं असतं तर शालन जन्मभर वेडी ठरली असती: नवरा शास्त्रज्ञ, आणि ही पिंपाशी गप्पा मारणारी. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"संशोधन बिंशोधन काय न्हाई. ही त्याला राजा म्हणायची. मला सोसायचं न्हाई."

सगळं सभागृह फुटलं. दोनशे बाया पदरात तोंड घालून, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत हसत होत्या. आनंदीबाईंचा माइक खाली पडला. हसत नव्हते ते तिघंच: शालन, सर्जेराव, आणि हवेची चावी हातात धरून घड्याळ बघणाऱ्या नेर्लेकर मॅडम.

परतीच्या गाडीत शालन खिडकीशी बसली आणि आंबेखोल येईपर्यंत बाहेर बघत राहिली. घरी चार दिवस एक शब्द नाही. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, जायची. गोठ्यात बसायची तेही मुकाट. चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला: पाच हजार लिटर लालभडक झालंय. शालननं फोन ठेवला आणि परसात आली. सर्जेराव त्याच पालथ्या बादलीवर बसला होता, पण हात मांडीखाली घेऊन.

"सहा महिने मला वाटत हुतं, कुणीतरी आपलं ऐकतंय," ती म्हणाली.

"मी ऐकत हुतो की," सर्जेराव म्हणाला. "एक शब्द सोडला न्हाई."

तिनं भिंतीत शिरणारी नळी बोटांनी चाचपून बघितली. पंप घरघरत होता.

"मिठाचं तुम्हांस्नीच म्हणाले हुते मी," ती म्हणाली.

"कळलं हुतं."

"मग बरं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढे जे झालं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. संस्थेनं नळीला बसवायची एक विजेची झडप केली. मॅडमनी ती नुसत्या घड्याळावर लावून पाहिली, रोज ठरलेल्या वेळी तीनदा. रंग आला, पण नव्वदीच्या पुढे जाईना. शेवटी त्यांनी सर्जेरावाच्या दीडशे वेळांची नोंदच जशीच्या तशी झडपेत भरली, कधी दहा मिनिटं आधी, कधी वीस मिनिटं नंतर, राग जसा आला तशी. आकडा एकशे वीस! तेव्हापासून तीन तालुक्यांतली चौदाशे पिंपं एका टँकरवाल्याच्या पोटदुखीच्या तालावर श्वास कोंडतात आणि सोडतात. बाया झडपेला 'सर्जाची मूठ' म्हणतात, आणि ती कशी बसवायची हे शिकवायला संस्थेनं खुद्द सर्जेरावालाच नेमलं.

सर्जेरावाचं नशीबच फिरलं. गावोगाव बाया त्याची वाट बघायच्या, "या हवावाले भावजी," म्हणून पाट मांडायच्या. रोज संध्याकाळी तो घरी येऊन वृत्तान्त द्यायचा. आठवड्याभरानं वृत्तान्तात हातकरवाडीचं नाव वारंवार यायला लागलं. तिथं इंदूबाई रेडेकर म्हणून एक विधवा बाई होत्या.

"पिंप कसं ठेवलंय इंदूबाईंनी! त्यात तोंड बघून घ्यावं. आणि हात काय बाईचा! शेंगदाण्याची चटणी केली हुती..."

"झडप बसली न्हवं तिथली?" शालननं विचारलं.

"बसली. पण जरा बघून यावं लागतंय अधनंमधनं."

तिसऱ्या वेळी सर्जेराव हातकरवाडीला निघाला तर शालन दारात इरकल नेसून उभी. "मीबी येते. मला बघायचंय ते पिंप."

इंदूबाईंनी दोघांचं भरभरून स्वागत केलं. सर्जेरावाला सोप्यात बसवून चहा दिला, चटणी-भाकरी दिली, पुन्हा चहा दिला. शालन म्हणाली, "तुम्ही बसा बोलत. मी जरा परसात जाऊन येते." ती आली तेव्हा चांगलीच घामाघूम झाली होती आणि एका हातानं दुसऱ्या हाताचा अंगठा चोळत होती.

एस.टी. हातकरवाडीचा चढ चढली तरी ती अंगठा चोळतच होती.

"काय लागलं गं?" सर्जेरावानं विचारलं.

"काय न्हाई. तिची नळी जरा जाड हाय आपल्यापेक्षा."

सर्जेराव सीटवर सावरून बसला. "नळी आवळलीस तिची?"

"मग काय नुसती बघत बसू?"

"किती वेळ?"

"तुमचं चटणीचं कौतुक संपेपतूर."

सर्जेरावानं मनातल्या मनात हिशेब केला. पहिला चहा, भाकरी, दुसरा चहा, इंदूबाईंच्या धाकट्या दिराची हकिकत. पाऊण तास.

"अगं, पण भोंगा?"

"त्याची वायर आधी काढली. मला काय एवढं कळत न्हाई?"

"पिंप मरंल की गं तिचं!"

"मेलंच असंल. उद्या तपकिरी पडंल." ती शांतपणे म्हणाली. "परवा आपल्या पिंपातलं वीस लिटर विरजण नेऊन देते मी तिला. पंधरा दिवसांत पुन्हा उभं राहतंय. मीच देते. तुम्ही यायचं न्हाई."

"बरं," सर्जेराव म्हणाला, आणि घाईघाईनं दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढं मोठं हसू आवरायला त्याला निदान आजऱ्यापर्यंतचा रस्ता लागणार होता. पाऊण तास! त्याला स्वतःला आठ मिनिटांच्या वर कधी जमलं नव्हतं.